गाडीच्या जागेत माणूस

अमेरिकेत घर विकायला काढायचं म्हटलं की इस्टेट एजंटच्या पहिल्या सल्ल्यांत गॅरेजचं दार बदलण्याचा सल्ला बहुधा असतोच. त्यामागे आकडे आहेत. घरदुरुस्तीच्या निरनिराळ्या कामांना किती खर्च येतो आणि घर विकताना त्यातला किती भरून निघतो, याचा ताळा ‘रिमॉडेलिंग’ हे बांधकाम व्यवसायातलं मासिक वर्षानुवर्षं मांडत आलं. २०२४ च्या ताळ्यात गॅरेजचं दार पहिल्या क्रमांकावर होतं. नवं दार बसवायला साधारण साडेचार हजार डॉलर लागतात आणि घराच्या किमतीत त्या खर्चाच्या जवळजवळ १९४ टक्के भर पडते, असं त्यात म्हटलं होतं. त्याच यादीत उंची सामान वापरून नव्याने केलेलं स्वयंपाकघर खर्चाच्या अवघे ३८ टक्के परत देत होतं. म्हणजे ज्या दाराआड कुणी राहत नाही ते दार दामदुप्पट देतं, आणि ज्या खोलीत घराचं रोजचं अन्न शिजतं ती निम्मंही देत नाही. हे आकडे इस्टेट व्यावसायिकांच्या अंदाजांवर बेतलेले आहेत, झालेल्या विक्रीच्या कागदपत्रांवर नव्हेत, हे ध्यानात घेतलं की त्यांचा अर्थ लागतो. उपनगरातल्या घराच्या दर्शनी बाजूचा मोठा हिस्सा गॅरेजच्या दारानेच व्यापलेला असतो. घर पाहायला आलेल्या माणसाची नजर आधी तिथे जाते. दार बदललं की त्याचं पहिलं मत चांगलं होतं आणि किंमत चढते. घर मात्र होतं तेवढंच राहतं. मला म्हणायचं आहे ते त्या दाराच्या आतल्या जागेबद्दल. गॅरेजची खरी सुधारणा म्हणजे ते माणसाला राहण्याजोगं करणं, आणि घराची किंमत वाढवायची असली तरी तिचा टिकाऊ मार्ग हाच आहे. यासाठी आधार घेतला आहे तो कॅलिफोर्नियाचा, कारण या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू गेल्या चाळीस वर्षांत तिथे उघड झाल्या आहेत.

दोन गाड्यांचं गॅरेज साधारण वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद, म्हणजे चारशे चौरस फुटांचं असतं. हा आकडा मराठी माणसाला चटकन भिडेल. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर पूर्वी २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचं. एवढ्यात आपल्याकडे लग्नं झाली, बाळंतपणं झाली, मुलं शिकून मोठी झाली. कॅलिफोर्नियात त्याहून मोठी जागा घरोघरी गाडीसाठी राखली गेली, आणि ती केवळ घरमालकांच्या हौसेने नव्हे. मोटारी नव्या होत्या तेव्हा पेट्रोलच्या वासापायी आणि आगीच्या भीतीने त्या घरापासून लांब, मागच्या बाजूला, जुन्या तबेल्यांच्या जागी ठेवत. फ्रँक लॉइड राइटने १९१० च्या सुमारास शिकागोच्या रॉबी हाउसला तीन गाड्यांचं गॅरेज जोडूनच बांधलं, हे त्या काळात नवल होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं पसरली तसं गॅरेज पुढे सरकत थेट रस्त्याशी आलं, आणि दर घरामागे गाड्यांच्या अमुक जागा असल्याच पाहिजेत, असे नियम शहराशहरांतून झाले. या नियमांची खरी किंमत कोण चुकवतो, हे डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर मांडलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नगररचना शिकवणाऱ्या शूप यांचं ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हे जाडजूड पुस्तक २००५ साली आलं. फुकट वाटणाऱ्या पार्किंगचा खर्च घरभाड्यात, वाण्याच्या बिलात, दवाखान्याच्या फीमध्ये मिसळलेला असतो आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही तो भरतो, हा त्यांचा मुद्दा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॉस एंजेलिस परगण्यातल्या पार्किंगच्या जागा मोजल्या गेल्या. त्या निघाल्या एक कोटी शहाऐंशी लाख, म्हणजे दर गाडीमागे तीनपेक्षा जास्त. शहरी हद्दीतली १४ टक्के जमीन त्यांनी व्यापली होती.

इतकं करून त्या गॅरेजांत गाड्या असतात का? शूप यांच्याच विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञांनी २००१ ते २००५ या काळात लॉस एंजेलिसमधल्या बत्तीस मध्यमवर्गीय कुटुंबांची घरं आतून पाहिली. आईवडील दोघंही कमावणारे आणि घरात मुलं, अशी ही कुटुंबं होती. खोल्याखोल्यांतल्या वस्तूंची नोंद झाली, छायाचित्रं काढली गेली आणि २०१२ मध्ये त्यावर पुस्तक निघालं. चारांतल्या तीन गॅरेजांमध्ये गाडी शिरेल एवढी मोकळी जागाच नव्हती. खोकी, मोडकं फर्निचर, मुलांची लहान झालेली खेळणी, जादा फ्रिज, असं सगळं तिथे साठलेलं होतं. बत्तीस ही संख्या लहान आहे, आणि तिच्यावरून साऱ्या राज्याबद्दल बोलणं धाडसाचं होईल. पण अशा उपनगरातून फिरताना घरापुढच्या उतारावर आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की या निष्कर्षाचं आश्चर्य वाटत नाही. ज्या चारशे चौरस फुटांसाठी नियम झाले, दंड बसवले गेले, ते चारशे चौरस फूट टाकवत नाही अशा सामानाला मिळाले.

त्याच्या कितीतरी आधीपासून अशाच गॅरेजांत आणखीही काही घडत होतं. १९८७ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने पाहणी करून अंदाज बांधला, की परगण्यातल्या सुमारे ४२ हजार गॅरेजांत मिळून दोन लाखांच्या आसपास माणसं राहतात. यात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं फार होती. खिडकी नाही, धड संडास नाही, वाढीव वायर ओढून घेतलेली वीज, आणि आग लागली तर बाहेर पडायला एकच वाट. अशा आगींत लहान मुलांचे जीव गेले आहेत. नगरपालिकेच्या लेखी त्या जागेत गाडी होती. राहणाऱ्याला तक्रार करता येत नव्हती, कारण तक्रार केली की निवाराच जायचा. भाडं घेणाराही गप्प राहायचा. या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण गॅरेजला राहतं करावं की नाही, असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा ते आधीच राहतं झालेलं असतं, हे त्यातून दिसतं. कायदा नको म्हणाला म्हणून माणसं राहायची थांबली नाहीत. त्यांच्या वाट्याला खिडकी आली नाही, एवढंच झालं.

मुख्य घराच्या आवारातच दुसरं लहान घर, म्हणजे दुय्यम घर, करायला वाव देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९८२ पासून होता. पण शहरांनी त्याला इतक्या अटी जोडल्या की त्याचा उपयोग फारसा कुणाला झाला नाही. त्यातली सर्वांत जाचक अट पार्किंगची: गॅरेजची खोली करायची तर तेवढ्या झाकलेल्या गाडीजागा त्याच आवारात दुसरीकडे बांधून दाखवा. लहान प्लॉटवर हे व्हायचंच नाही. २०१६ मध्ये झालेले कायदे २०१७ च्या आरंभी लागू झाले आणि अटी सैलावल्या. २०१९ च्या कायद्यांनी उरलेला अडसर काढला. १ जानेवारी २०२० पासून गॅरेजचं दुय्यम घर करताना गेलेल्या पार्किंगची भरपाई मागता येत नाही. जुनी भिंत हद्दीला लागून असली तरी ती मागे घ्यावी लागत नाही. साडेसातशे चौरस फुटांच्या आतल्या घराला विकासाचा अधिभार नाही. अर्ज नियमात बसत असेल तर जाहीर सुनावणी न घेता साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. २०१६ साली साऱ्या राज्यात अशा दुय्यम घरांना सव्वा हजाराच्या आसपास परवाने मिळाले होते. २०२२ मध्ये ती संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. लोकांची गरज रातोरात वाढलेली नव्हती. ती होतीच, कायदा तिच्यापर्यंत उशिरा पोचला.

कायदा पोचला म्हणजे खोली झाली, असं मात्र नाही. गॅरेजचं बांधकाम माणूस डोळ्यांपुढे ठेवून झालेलं नसतं. फरशीला दाराकडे मुद्दाम उतार दिलेला असतो, पाणी आणि सांडलेलं इंधन बाहेर जावं म्हणून. त्या उतारावर पलंग टेकवला तर तो डुगडुगणारच. म्हणून जमीन समपातळीत आणावी लागते. काँक्रीटखाली ओल रोखणारा थर जुन्या गॅरेजांत बहुतेक वेळा नसतो, तेव्हा तो वरून द्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसाळी हंगामात गालिचाला कुबट वास सुटतो. भिंतींच्या लाकडी सांगाड्यात उष्णतारोधक भरलेलं नसतं. मोठं दार काढून तिथे नुसती भिंत उभारून भागत नाही, तिच्याखाली पाया लागतो, कारण दाराच्या जागी तो घातलेलाच नसतो. छत सात फुटांच्या खाली चालत नाही. निजायच्या खोलीला अशी खिडकी हवी की तिच्यातून माणूस बाहेर पडू शकेल आणि अग्निशमन दलाचा जवान आत येऊ शकेल. मुख्य घर आणि ही खोली यांच्यामध्ये आग तासभर थोपवेल अशी भिंत लागते. सगळ्यांत मोठं दुखणं सांडपाण्याचं. नळाला फुटामागे पाव इंच उतार द्यायचा, आणि मुख्य मलवाहिनी घराच्या दुसऱ्या अंगाला असली तर फरशी फोडत न्यायचं किंवा पंप बसवायचा. जुन्या घरातला शंभर अँपिअरचा वीजपुरवठा दुसरी शेगडी आणि दुसरा वातानुकूलक यांना पुरा पडेलच असं नसतं. हे सगळं दाराच्या साडेचार हजार डॉलरांत होत नाही. कित्येक पट खर्च येतो. ज्याला केवळ विक्रीपुरतं रूप आणायचं आहे त्याने हे काम अंगावर घेऊ नये, असं म्हणणारे या ठिकाणी बरोबर आहेत.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गॅरेज गेलं की घराची किंमत वाढण्याऐवजी घटते, असं अनेक एजंट सांगतात, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. दाराच्या आतून प्लायवूड ठोकून, खाली गालिचा अंथरून गॅरेजची बैठकीची खोली केलेली घरं तिथे पुष्कळ. असं घर घेणारा ती खोली धरत नाही; ती मोडून पुन्हा गॅरेज करायचा खर्चच तो भावातून वजा करतो. परवाना नसेल तर मूल्यांकन करणाराही ते क्षेत्रफळ राहत्या जागेत मोजायला सहसा तयार नसतो, आणि विमा कंपनी प्रश्न विचारते. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की अर्धवट रूपांतर तोट्याचं असतं. न्हाणीघर, ओटा, स्वतंत्र दार आणि पालिकेचा परवाना असलेली खोली ही निराळी गोष्ट आहे. ती भाडं आणू शकते, आणि कर्ज देणारेही ते आता मानतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने सरकारी हमीच्या गृहकर्जांसाठी नियम बदलला: आधीपासून असलेल्या दुय्यम घराच्या अंदाजे भाड्याचा ७५ टक्के भाग कर्जदाराच्या उत्पन्नात धरता येतो, आणि गॅरेजमधून नव्याने करायच्या घराबाबतही ५० टक्के. ज्या कुटुंबाच्या पगारात एरवी ते घर बसलं नसतं, ते आता बोली लावू शकतं. किंमत चढण्याचं हे कारण दाराच्या रंगाहून भक्कम आहे, कारण ते खोलीच्या वापरातून आलेलं आहे.

गाड्या रस्त्यावर येतील, हा शेजाऱ्यांचा आक्षेप. त्याचं बरंचसं उत्तर वर आलंच: गाड्या आधीच रस्त्यावर आहेत. तरी एका घराच्या जागी दोन झाली तर गाड्या थोड्या वाढतील, हे कबूल करायला हवं. ती गैरसोय खरी आहे. पण एका बाजूला शेजाऱ्याला गाडी लावायला शंभर पावलं लांब जावं लागणं आणि दुसऱ्या बाजूला एका कुटुंबाला डोक्यावर छप्पर मिळणं, या दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालताच येत नाहीत. विजेवरच्या गाड्यांसाठी गॅरेज लागेलच, असंही सांगितलं जातं. पण चार्जर घराच्या बाहेरच्या भिंतीवर बसतो आणि उतारावर उभी असलेली गाडी तिथेच भरली जाते. मिनेसोटासारख्या राज्यात मात्र गोष्ट वेगळी. तिथे हिवाळ्यात उघड्यावर राहिलेली गाडी सकाळी सुरू करणं हीच परीक्षा, आणि गॅरेज नसलेलं घर घ्यायला लोक कचरतात. तिथे कॅलिफोर्नियाचा दाखला देणं बरोबर होणार नाही.

कॅलिफोर्नियात मराठी घरं बरीच आहेत. फ्रीमाँट, सॅन होजे, सनीवेल या भागांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्यांच्या दृष्टीने गॅरेजचा प्रश्न बाजारभावापुरता नसतो. आईवडील भेटीला येतात ते बहुधा सहा महिन्यांसाठी. घर दुमजली, निजायच्या खोल्या वर, आणि खाली पाहुण्यांसाठी हात धुण्यापुरतं न्हाणीघर. गुडघे दुखणाऱ्या आईने दिवसातून किती वेळा जिना चढायचा? पहाटे चारला उठून चहा करणाऱ्या वडिलांनी नातवंडांची झोप मोडेल या धास्तीने किती वेळ अंधारात बसून राहायचं? तळमजल्यावर, उंबरठा नसलेली, न्हाणीघराला लागून असलेली, स्वतःचा छोटा ओटा असलेली खोली हे त्यांच्यासाठी स्वातंत्र्य आहे. मुलाच्या घरात राहूनही आपल्या दाराची कडी आपल्या हातात असणं, हे म्हातारपणी फार मोलाचं असतं. ते परत गेल्यावर तीच खोली एखाद्या विद्यार्थ्याला, नोकरी नव्याने लागलेल्या मुलीला देता येते. या राज्यात म्हाताऱ्यांसाठीच्या खोल्यांना ‘ग्रॅनी फ्लॅट’ म्हणायची प्रथा जुनीच आहे, म्हणजे ही गरज आपलीच आहे असंही नाही.

हेच पुण्यात, मुंबईत करावं का? इथे मी हात आखडता घेईन. आपल्याकडे बहुतेकांची गाडी स्वतःच्या गॅरेजात नसतेच, ती इमारतीच्या खांबांमध्ये उभी असते, आणि ती जागा कुणा एकाची नसते. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला, की अशी खांबांखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ती स्वतंत्र विकता येत नाही, ती सोसायटीच्या सामाईक मालकीची. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असतील तरच त्याला गॅरेज म्हणायचं, असं स्पष्ट केलं. पार्किंग चटई क्षेत्रात धरलं जात नाही, म्हणून ते बंद करून वापरणं म्हणजे मंजूर नकाशा मोडणं. शिवाय मनाला येईल तसा एखादा कोपरा विटांनी बंद केला तर भूकंपात इमारत एका अंगाला पिळवटू शकते. खांबांवर तोललेल्या मोकळ्या तळमजल्यांनी २००१ साली अहमदाबादेत काय केलं, ते आपण पाहिलं आहे. तेव्हा कॅलिफोर्नियाचा उपाय जसाच्या तसा उचलायला माझा विरोध आहे. पण त्यामागची जाणीव आपल्यालाही लागू आहे. आपल्या शेकडो सोसायट्यांत त्याच खांबांमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, पत्र्याच्या आडोशाला वॉचमनचं कुटुंब राहतं. मुलं गाड्यांच्या मध्ये अभ्यास करतात. फ्लॅटच्या जाहिरातीत चोवीस तास सुरक्षा असते, ती देणाऱ्याची खोली नकाशात नसते. १९८७ च्या त्या ४२ हजार गॅरेजांत आणि या आडोशात मला फार अंतर दिसत नाही. इमारत बांधतानाच मोरी, खिडकी आणि दार असलेली एक खोली पहारेकऱ्यासाठी सक्तीची केली आणि ती तशीच वापरली जाते की नाही हे पाहिलं, तर बिल्डरचा नफा बुडणार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. गॅरेजं राहती झाली तर मालकांना भाडं मिळेल, त्यांच्या जमिनीचे भाव आणखी चढतील आणि भाडेकरू भाडेकरूच राहील. म्हणजे सुधारणेचा फायदा ज्याच्याकडे आधीच घर आहे त्यालाच. यात तथ्य आहे. कॅलिफोर्नियात तर १९७८ च्या तेराव्या प्रस्तावामुळे जुन्या मालकाचा मालमत्ता कर जवळजवळ गोठलेला असतो, आणि गॅरेजचं घर केलं तरी कर वाढतो तो नव्या कामापुरताच. तरीही खोल्या न वाढवणं हे यावर उत्तर नाही. घरं कमी असतात तिथे भाडेकरूची बाजू अधिकच लंगडी होते, आणि मग त्याला पुन्हा विनाखिडकीच्या जागेत जावं लागतं. उत्तराचा एक धागा २०२३ च्या कायद्यात आहे. त्याने शहरांना मुभा दिली, की हवं असेल तर दुय्यम घर मुख्य घरापासून वेगळं, फ्लॅटसारखं विकू द्यावं. सॅन होजेने ती वाट आधी धरली. अशी विक्री रूढ झाली, तर चारशे चौरस फूट हे दुसऱ्याच्या बंगल्याची किंमत वाढवणारं उपांग राहणार नाहीत. जी शिक्षिका किंवा जो बसचालक त्या शहरात आयुष्यभर काम करूनही तिथे घर घेऊ शकत नाही, त्यांच्या नावावर ते चढू शकतील, आणि त्या खोलीचा भाव ठरवताना शेजारच्या घरमालकाला नव्हे, तर तिथे राहणाऱ्याला विचारावं लागेल.